गाव सुटलं की आडनाव लागतं : किहीमकरांची गोष्ट

मित्रहो, आजची पोस्ट जरा लांब आहे. खड्डे, पाणीपुरवठा, जेट्टीची गर्दी हे विषय नेहमीचेच, ते पुढच्या आठवड्यात आहेतच. आज एका आडनावाबद्दल लिहितोय. शेवटी माझ्या एका जुन्या चुकीची दुरुस्तीही आहे, त्यामुळे शक्यतो शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. चोंढीच्या नाक्यावरच्या एका रिक्षावाल्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, इस्रायलची माणसं आलीत. मराठी बोलतायत. गाव शोधतायत. तुझ्या कामाची बातमी आहे, ये लवकर." मी गाडीला किक मारली आणि गेलो.

सत्तरीच्या पुढची एक आजी, तिची मुलगी आणि दोन नातवंडं. नातवंडं हिब्रू बोलत होती, मुलगी इंग्रजी, आणि आजी आपल्या गावच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईसारखं मराठी. तिच्या हातात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत तिच्या आजोबांचं नाव, खाली जिल्हा कुलाबा. नातवानं मोबाइलवर कुलाबा शोधलं तर मुंबईतलं कुलाबा निघालं, म्हणून आदल्या दिवशी ते तिकडे फिरून आले होते. आपल्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, हे त्या पोराला कोण सांगणार?

आडनाव मी स्पेलिंगवरून वाचलं, "केहिमकर." आणि पत्रकाराच्या रुबाबात सांगून टाकलं, "आजी, केहिम नावाचं गाव नाही इकडे."

आजी हसली. म्हणाली, "केहिम नाही रे बाळा, किहीम. माझा जन्म माझगावचा. किहीम मी पण आज पहिल्यांदाच बघतेय. पण आडनाव माहेरचं हेच."

त्या वेळी आम्ही किहीमपासून पाच मिनिटांवर उभे होतो. वीस वर्षं मी त्या रस्त्यावरून ये-जा केलेली. पण 'किहीमकर' असं आडनाव असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यांना घेऊन किहीमला गेलो. चार-पाच जुन्या माणसांना विचारलं, किहीमकर म्हणून कोणी राहतं का? कुणालाच सांगता येईना. एक आजोबा म्हणाले, "किहीमात किहीमकर कसा असंल? इथं सगळेच किहीमकर."

त्या आजोबांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण नंतर वाचत गेलो, विचारत गेलो, तेव्हा लक्षात आलं की सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे.

बघा, आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव करायची पद्धत सगळीकडे आहे. कोकण-गोव्यात तर जास्तच. मास्टर दीनानाथांचं घराणं मंगेशीचं, म्हणून ते मंगेशकर. बाबासाहेबांचं घराणं सपकाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर. पण हे 'कर' लागतं कधी? गावात राहणाऱ्या माणसाला त्याचा शेजारी गावाच्या नावानं हाक मारत नाही. तिथं तो कुणाचा तरी मुलगा असतो, अमक्या आळीतला असतो, तमक्या धंद्याचा असतो. तो गाव सोडून दुसऱ्या ठिकाणी गेला, की तिथले लोक विचारतात, "कुठला हा?" आणि उत्तर मिळतं, "किहीमचा." झाला किहीमकर.

म्हणजे असं आडनाव हा बहुतेक वेळा गाव सुटल्याचा पुरावा असतो. त्याचा नकाशा काढायला बसलात तर मधलं गाव रिकामं दिसतं आणि ठिपके दूर दूर पडलेले असतात. किहीमकरांच्या बाबतीत हे ठिपके मुंबईपासून थेट इस्रायलपर्यंत गेलेत.

आता हे किहीमकर कोण? तर बेने इस्राएल. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना 'शनवार तेली' म्हटलं की लगेच कळतं. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. ज्यांचा सोमवारी घाणा बंद ते सोमवार तेली. गावाला एवढाच फरक दिसायचा. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही हा समाज नोंदलेला आहे. शनिवार पाळणं, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा न खाणं आणि हिब्रूतली 'शेमा' ही प्रार्थना, एवढ्या गोष्टी त्यांनी शतकानुशतकं धरून ठेवल्या. बाकी बोली आपली, लुगडं आपलं, मंगळसूत्र आपलं, खाणंही नारळ-तांदळाचं आपलंच.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत आपल्या किनाऱ्याजवळ खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, नवगावला किनाऱ्याला लागल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच पुरलं. तिथं आज स्मारक आहे आणि जगभरातून बेने इस्राएल माणसं तिथं येतात. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षं म्हणतं, कुणी त्याहून बरंच अलीकडचं. लेखी उल्लेख अठराव्या शतकापासून मिळू लागतात. २०१६ साली या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्हीकडचा वारसा स्पष्ट दिसला. हा संकर साधारण साडेसहाशे ते साडेदहाशे वर्षांपूर्वीचा असावा, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे बाहेरून आले हेही खरं आणि इथलेच आहेत हेही खरं.

आता अलिबागहून मांडव्याकडे जाणारा रस्ता डोळ्यासमोर आणा. वरसोली, थळ, नवगाव, किहीम, आवास. आत वळलात तर झिराड. आणि आता बेने इस्राएलांची आडनावं ऐका : नवगावकर, किहीमकर, आवासकर, झिराड. रस्त्यावरच्या गावांच्या पाट्याच वाचतोय असं वाटतं. हा किनारा त्यांच्या आठवणीतला पहिला किनारा आहे आणि आडनावांची दाटीही तिथंच. पुढे दक्षिणेला चौलवरून चेऊलकर, नागाववरून नागावकर, राजपुरीवरून राजपूरकर. आत पेणकर, वाकरुळकर, पेझारकर, रोहेकर, अष्टमकर. अशी शंभराहून जास्त गावं त्यांच्या आडनावांत आहेत. माझ्या मते आपल्या जिल्ह्याचा इतका तपशीलवार जुना नकाशा दुसऱ्या कुठल्या समाजानं आपल्या नावात जपलेला नसेल. हे माझं मत आहे, कुणाला दुसरं उदाहरण माहीत असेल तर जरूर सांगा.

एका गावात सगळेच शनवार तेली राहिले असते तर सगळ्यांना एकच आडनाव झालं असतं. तसं झालं नाही, कारण धंदा घाण्याचा. एका गावाला घाणे लागणार किती? एक, फार तर दोन-तीन. म्हणून कुटुंबं गावोगाव विखुरली. मोठ्या गावातून जास्त माणसं बाहेर पडली, ती आडनावं आज जास्त दिसतात. लहान गावाचं आडनाव एक-दोन घराण्यांपुरतंच राहिलं. दुर्मीळ आडनावामागे बरेचदा एवढं साधं गणित असतं.

गावात असताना त्यांची नावं कशी होती? सामाजी, हसाजी, मुसाजी अशी. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, मुसाजी म्हणजे मोशे. नाव बायबलातलं, बोलणं आपलं. आडनावाची गरज पडली ती कंपनी सरकारच्या पलटणीत. अठराव्या शतकात बेने इस्राएल मोठ्या संख्येनं मुंबईच्या लष्करात शिरले. हजेरीपटावर चार शमुवेल आणि सहा दावीद झाले की गावाचं नाव लावावंच लागतं.

यातलं सगळ्यात ठळक नाव सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरशी हे आडनाव जोडलं जातं. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, 'बनी इस्राएल' आहोत असं सांगितल्यावर जीव वाचला, अशी परंपरेतली कथा आहे. परत आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाचा. बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत. मशीद बंदर हे नाव याच वास्तूवरून पडलं असं अनेक जण सांगतात. म्हणजे हार्बरनं रोज जाणारा आपला माणूस कोकणातल्या एका दिवेकराच्या कामाचं नाव दिवसातून दोनदा ऐकतो, पण दिवेकर कोण ते त्याला माहीत नसतं.

आता किहीमकरांकडे येतो. या आडनावाचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकर. जन्म १८३० चा. आपल्या समाजातली मुलं शिकली पाहिजेत म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस. १८७५ साली त्यांनी भावांच्या साथीनं मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही शिकवणारी. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. आजीनं जन्म माझगावचा सांगितला तेव्हा मला याचा पत्ता नव्हता. नंतर वाचल्यावर टाळी पडली.

हाईम किहीमकरांचं दुसरं काम म्हणजे इतिहास. बेने इस्राएलांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. १८९७ साली लिहून तयार होता. चालीरीती, गावं, आडनावं, गाणी, सैन्यातली माणसं, सगळं गोळा केलेलं. पण त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तो तेल अवीवला छापला गेला. किहीमच्या नावाचा माणूस, कुलाबा जिल्ह्यातल्या गावांचा इतिहास, आणि पुस्तक निघालं ते समुद्रापलीकडे. तोवर इस्रायल देशसुद्धा झाला नव्हता.

आपल्याकडे गावाचा इतिहास म्हटलं की किल्ला, सरदार, लढाई. घाणा चालवणाऱ्या माणसांनी आपली गावं मोजून लिहून ठेवली, ते मात्र आपल्याला माहीत नाही. मी अलिबागमध्ये शिकलो. शाळेत, कॉलेजात, पत्रकारितेच्या डिप्लोमातसुद्धा हाईम किहीमकर हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मग प्रश्न येतो, एवढी मोठी परंपरा असून ही आडनावं सहज दिसत का नाहीत? एक कारण म्हणजे अनेकांनी मुंबईत ती मागे टाकली. इंग्रजी शाळा, सरकारी नोकरी, रेल्वे, पोस्ट-तार यांत वडिलांचं नावच आडनाव म्हणून चालून गेलं. इझिकेल, मोझेस, रूबेन, अब्राहम. 'कर' फक्त घरात, लग्नाच्या बोलणीत राहिलं.

उदाहरणं देतो, सगळी तुमच्या ओळखीची निघतील. वरळीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. पूर्ण नाव एलिजा मोझेस राजपूरकर. जंजिऱ्याला जाताना होडी पकडतो ती आपली राजपुरी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये मुलग्यांना मागे टाकून पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन, पुढे त्याच कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचं घराणं नवगावकर. 'बूट पॉलिश' मधला जॉन चाचा आठवतोय? अभिनेते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे! अहमदाबादचं प्राणिसंग्रहालय उभं करणारे रूबेन डेव्हिड आणि त्यांची लेखिका मुलगी एस्थर डेव्हिड, यांचं घराणं दांडेकर.

रस्त्याच्या पाटीवर मोझेस, पडद्यावर डेव्हिड. गाव लपलेलं. त्यामुळे आपल्याला वाटतं ही माणसं परदेशी असतील. आणि ती निघतात आपल्या पुढच्या स्टॉपची.

दुसरं कारण अर्थातच स्थलांतर. आधी गावातून अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा. तिथं सिनेगॉगं उभी राहिली. अलिबागला तर आजही इस्राएल आळी आहे. मग मुंबईत डोंगरी, उमरखाडी, माझगाव. मग ठाणे, पुण्याची रास्ता पेठ, अहमदाबाद. रेल्वे आणि सरकारी नोकरीच्या मागे कराचीपर्यंत. कराचीत १८९३ साली सिनेगॉग बांधणारे नगरपालिकेतले अधिकारी होते सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर. ती वास्तू १९८८ च्या सुमारास पाडली गेली. कराचीच्या ज्यूंची आठवण म्हणून जे एक ठळक नाव उरलं, तेही 'कर' वालं.

आणि १९४८ नंतर इस्रायल. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सुमारे २६ हजार ज्यू होते, त्यात मोठा वाटा बेने इस्राएलांचा. २०११ च्या जनगणनेत सगळे मिळून पाच हजारही नाहीत. राहिलेल्यांपैकी बहुतेक महाराष्ट्रात. २०१६ साली राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो इतक्या उशिरा. बाकीचे लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथं. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, मराठी मेळावे भरतात, गुळाची पोळी लाटली जाते.

पण तिकडेही त्यांना सरळ घेतलं नाही. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठानं यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्न लावायचं तर आई-आजीपर्यंतची चौकशी करा, असा आदेश १९६२ साली निघाला. मराठी बोलणारी ही माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सर्वार्थानं ज्यू आहेत आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. विचार करा, इथं गाव विचारायचं, "तुम्ही बाहेरचे ना?" आणि तिथं देश विचारायचा, "तुम्ही खरे आमचे ना?" आडनाव मात्र दोन्हीकडे एकच उत्तर देत होतं. किहीमचा.

एक गंमत सांगतो. किहीम निसर्गप्रेमींच्या नकाशावर आहे ते डॉ. सालिम अलींमुळे. १९३० साली त्यांनी किहीमला राहून सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो जगभर गाजला. त्यांची संस्था बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. पुढे त्याच संस्थेत भारतीय फुलपाखरांवर मोठं काम करणारे, घराघरात फुलपाखरांचं पुस्तक पोचवणारे अभ्यासक कोण? आयझॅक किहीमकर. एक माणूस बाहेरून किहीमला आला आणि मोठा झाला, एक घराणं किहीमहून बाहेर गेलं आणि मोठं झालं. दोघं शेवटी एकाच संस्थेच्या छताखाली. ठरवून होत नाहीत अशा गोष्टी.

आता मुद्द्याचं बोलतो. हा इतिहास आज कशाला, असं काही जण विचारतील.

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न, "आडनाव काय?" आणि खरा प्रश्न तो नसतोच. खरा प्रश्न जातीचा असतो. आडनाव ऐकून आपण मनात कप्पा उघडतो आणि माणसाला आत टाकतो. 'कर' वाल्या आडनावांनी हा खेळ बिघडतो. दिवेकर म्हणजे कोण? चित्पावन असतील, बेने इस्राएल असतील, आणखी कुणी असतील. दांडेकर तसंच. घोसाळकर, रोहेकर, पेणकर तसंच. या आडनावात जात नाही, धर्म नाही, फक्त गाव आहे. एकाच विहिरीचं पाणी प्यायलेल्या दोन वेगळ्या देवांच्या माणसांना गावानं एकच आडनाव दिलं. आपले पूर्वज काही फार पुरोगामी होते असं मी म्हणत नाही. पण एवढी एक गोष्ट त्यांच्या हातून बरी झाली.

दुसरा मुद्दा. आपल्या तालुक्यात सध्या 'स्थानिक' आणि 'बाहेरचे' हा वाद जोरात आहे. मुंबईच्या पैशानं जमिनी गेल्या, गुंठ्याचे भाव ऐकून चक्कर येते. हा राग खरा आहे, मी स्वतः त्यावर लिहिलंय. पण स्थानिक कोण हे ठरवताना ज्यांचं आडनावच आपल्या गावाचं आहे त्यांना आपण कुठं बसवणार? त्यांनी इथं बंगला मागितला नाही, सातबारावर हक्क सांगितला नाही. ते येतात, नवगावच्या स्मारकापाशी उभे राहतात, खंडाळ्याच्या बाजूला एलिया हन्नाबीच्या टाप्यावर जातात, मलिद्याला पोहे-खोबरं-फळं ठेवतात, आणि मागतात काय? आजोबांचं घर कुठं होतं, ते दाखवा. आणि आपल्याला दाखवता येत नाही.

जिल्ह्यात अनेक गावांच्या कडेला या समाजाच्या जुन्या दफनभूमी आहेत. काहींची देखभाल समाजाची माणसं मुंबईहून येऊन करतात. काही झुडपात गेल्यात. दगडांवर हिब्रू आहे आणि शेजारी आपली मराठी. वरची अक्षरं दरवर्षी थोडी थोडी झिजतात. जमिनीचा भाव वाढला की अशा जागांचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यासाठी कोटींचा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत दफनभूमी म्हणून स्पष्ट उल्लेख आहे का, एवढं बघा. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. शाळेतल्या मुलांना घेऊन दगडांवरचं मराठी वाचा, फोटो काढा, वहीत उतरवा. गावात नव्वदीतलं कुणी असेल तर विचारा, शनवार तेल्याचं घर कुठल्या आळीत होतं, घाणा कुठं होता. दहा वर्षांनी हे सांगणारं माणूस उरणार नाही. हाईम किहीमकरांनी त्यांच्या काळात एकट्यानं केलं. आपल्याकडे तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे.

आता दुरुस्ती.

त्या डिसेंबरमध्ये मी बातमी केली होती. दोन कॉलम, फोटोसह. मथळा मीच दिला होता : 'किहीममध्ये विदेशी पाहुणे'. अंक घेऊन मी आजीला भेटायला गेलो, कौतुक होईल असं वाटलं. आजीनं चष्मा लावून सगळी बातमी वाचली. मग बोट मथळ्यावर ठेवून म्हणाली, "बाळा, बाकी छान लिहिलंयस. पण हे तेवढं चुकलं बघ."

मी म्हटलं, "आजी, पासपोर्ट तर तिकडचा ना?"

ती म्हणाली, "पासपोर्ट तिकडचाच. पण गाव कुणाचं?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मथळा दुरुस्त करून छापायला हवा होता, तेही मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली आणि विषय मागे पडला. पेपरात राहून गेलेली ती दुरुस्ती आज इथं करतोय.

त्या मथळ्यात 'विदेशी पाहुणे' ऐवजी 'किहीमकर' असं वाचावं. चुकीबद्दल दिलगीर आहे.

आणि तुमच्या गावाच्या नावाचं आडनाव कुठं दूर भेटलं असेल, कुठल्याही जातीधर्माचं, तर खाली जरूर लिहा. माणसाचं नाव नको, फक्त आडनाव आणि गाव. यादी करू या.